स्वयंचलित सवलत नियम

स्वयंचलित सवलत नियम : ऑनलाइन दुकानात ग्राहकाच्या कार्टमधील मालाने ठरावीक अट पूर्ण केली की कूपन कोड न टाकता आपोआप लागू होणारी सूट. ‘अमुक रकमेच्या वर डिलिव्हरी मोफत’, ‘तीन घ्या, दोनचेच पैसे द्या’, ‘पाच नगांवर दहा टक्के कमी’ ही तिची रोज दिसणारी रूपे. पडून असलेला माल काढण्यासाठी लावलेला सेल आणि हे नियम यांत फरक आहे. इथे ग्राहक काहीतरी घ्यायला आलेलाच असतो. त्याच वेळी त्याने आणखी काही घ्यावे आणि दुकानाचे सरासरी ऑर्डर मूल्य वाढावे, हा हेतू. एकूण विक्रीला ऑर्डरींच्या संख्येने भागले की हे मूल्य मिळते. आकडा काढायला सोपा आहे, म्हणून प्रत्येक डॅशबोर्डवर तो ठळक दिसतो, आणि दुकानदाराची सर्वांत जास्त दिशाभूलही तोच करतो.

नियमात किमान दोन गोष्टी लागतात : अट आणि लाभ. अट रकमेची असते, नगांची असते, विशिष्ट वस्तूंच्या जोडीची असते किंवा ग्राहकाच्या प्रकाराची, उदा. पहिलीच खरेदी. लाभ म्हणजे टक्केवारीने सूट, ठोक रक्कम वजा, मोफत वस्तू किंवा मोफत डिलिव्हरी. याशिवाय नियम कोणत्या मालाला लागू, किती दिवस चालू, दुसऱ्या नियमाशी जमतो की नाही आणि जमत नसेल तर कोणाचा नंबर आधी, हेही ठरवावे लागते. कार्टमध्ये एखादी वस्तू टाकली, काढली किंवा नग बदलले की सर्व्हर सगळे नियम पुन्हा तपासतो आणि बेरीज नव्याने मांडतो.

कूपन कोडशी तुलना केली तर या पद्धतीची ताकद आणि तिची किंमत दोन्ही कळतात. चेकआउटच्या पानावर ‘कूपन कोड’ अशी रिकामी चौकट दिसली की ज्याच्याकडे कोड नाही त्याला आपण जास्त पैसे देतोय असे वाटू लागते. तो कोड शोधायला दुसऱ्या टॅबमध्ये जातो आणि पुष्कळदा परतच येत नाही. आपोआप लागणाऱ्या सुटीत ही गळती नाही. पण कूपन एक चाळणीचे काम करते : किमतीची फिकीर असलेला ग्राहक कोड शोधतो, बाकीचे पूर्ण किंमत देऊन मोकळे होतात. स्वयंचलित नियमात चाळणी नसते. अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला सूट मिळते, सूट नसती तरी तेवढीच खरेदी करणार होता त्यालासुद्धा.

या प्रकारातले सर्वांत गाजलेले उदाहरण अमेझॉनचे. कंपनीने जानेवारी २००२ मध्ये अमेरिकेत ९९ डॉलरच्या वरच्या ऑर्डरींना मोफत डिलिव्हरी कायमची सुरू केली, त्याच वर्षी ही अट आधी ४९ आणि मग २५ डॉलरवर आणली. २५ डॉलरचा टप्पा ऑक्टोबर २०१३ पर्यंत टिकला, तेव्हा तो ३५ झाला. मधल्या काळात, २००५ मध्ये, प्राइम ही वर्गणी योजना आली. वर्षाचे पैसे एकदम भरणाऱ्याला किमान रकमेची अट उरली नाही. म्हणजे ज्या कंपनीने ही अट लोकांच्या अंगवळणी पाडली, तिनेच ती चुकवण्याची सोय विकायला काढली.

छोट्या दुकानांपर्यंत हे नियम तयार सॉफ्टवेअरमधून पोहोचले. मॅजेन्टोमध्ये (२०१८ पासून अडोबीच्या मालकीचे) वस्तूची किंमत मुळातच बदलणारे नियम आणि कार्टवर चालणारे नियम असे दोन वेगळे कप्पे आहेत. शॉपिफायमध्ये वस्तूवरची सूट, ऑर्डरवरची सूट आणि डिलिव्हरीवरची सूट असे वर्ग आहेत. २०२२ पासून ‘फंक्शन्स’ वापरून स्वतःचे नियम कोडमध्ये लिहिता येतात. वूकॉमर्समध्ये मूळ सोय कूपनपुरतीच आहे, आपोआप लागणाऱ्या सुटीसाठी वेगळे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) घ्यावे लागते.

ग्राहक या नियमांना का भुलतो, याची दोन कारणे प्रयोगांतून चांगली पुढे आली आहेत. एक म्हणजे फुकटचे आकर्षण. क्रिस्टिना शॅम्पेनियर, नीना मझार आणि डॅन अरिएली यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एक उंची आणि एक साधे चॉकलेट ठेवले होते. दोन्हींची किंमत एक-एक सेंटने उतरवली. पण त्यामुळे साधे चॉकलेट एका सेंटवरून शून्यावर आले आणि लोकांची पसंती उलटली. डिलिव्हरी स्वस्त करणे आणि मोफत करणे यांत इतका फरक का पडतो, ते यावरून समजते. दुसरे कारण, ध्येय जवळ आले की वाढणारी ओढ. रॅन किवेट्झ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये कॉफीच्या शिक्के-कार्डांवर ती मोजली : दहा शिक्क्यांच्या कोऱ्या कार्डापेक्षा, बारा शिक्क्यांचे पण दोन आधीच मारलेले कार्ड लोकांनी लवकर भरले, जरी दोन्हींत दहाच कॉफ्या घ्यायच्या होत्या. कार्टच्या वर सरकणारी पट्टी आणि ‘आणखी १५० ची खरेदी करा, डिलिव्हरी मोफत मिळवा’ हा संदेश याच ओढीवर चालतो. हा संदेश नसेल तर नियमाचा निम्मा उपयोग वाया जातो; चेकआउटला पोहोचल्यावर अचानक मिळालेली सूट कोणाचीच खरेदी वाढवत नाही.

आता हिशेब. दुकानाची सरासरी ऑर्डर ८०० ची आहे आणि ढोबळ नफा (विक्रीतून मालाची खरेदी किंमत वजा जाता उरणारा) ४० टक्के, असे धरू. म्हणजे एका ऑर्डरमागे ३२० सुटतात. दुकानदाराने ‘१,००० च्या वर दहा टक्के सूट’ असा नियम लावला आणि ग्राहकाने खरोखर २०० चा माल वाढवला. दुकानाला मिळाले ९००, मालाची खरेदी किंमत ६००, हाती राहिले ३००. सरासरी ऑर्डर मूल्य ८०० वरून ९०० झाले आणि नफा २० ने घटला. नियम यशस्वी ठरला आणि दुकानाची कमाई घटली, असा हा प्रकार.

बरोबरी कुठे होते ते काढता येते. ढोबळ नफ्याच्या टक्केवारीला, तीच टक्केवारी वजा सुटीची टक्केवारी, याने भागावे. वरच्या उदाहरणात ४० भागिले ३०, म्हणजे सुमारे १.३३. ऑर्डर ८०० वरून किमान १,०६७ पर्यंत गेली तरच पूर्वीएवढा नफा राहतो. नफा २५ टक्के असेल तर तीच दहा टक्के सूट द्यायला ऑर्डर १.६७ पट व्हावी लागते. नफा ४० आणि सूट वीस टक्के असेल तर थेट दुप्पट. आणि हे फक्त ज्याने खरेदी वाढवली त्याच्यापुरते. ज्याची ऑर्डर आधीच १,२०० ची होती, त्याला दिलेले १२० सरळ खिशातून गेले.

टक्केवारीच्या नियमात आणखी एक खड्डा असतो. वरच्याच नियमात ९५० च्या कार्टमध्ये ५० ची वस्तू टाकली की बिल ९०० होते. म्हणजे वस्तूही मिळाली आणि ५० वाचलेही. ९०० ते १,००० च्या मधल्या प्रत्येक कार्टची हीच गत. ‘१,००० च्या वर ५० कमी’ अशी ठोक रक्कम ठेवली तर हा पट्टा निम्मा होतो, शिवाय कार्ट मोठी झाली तरी सूट फुगत नाही. मोफत वस्तू देणे बहुधा याहूनही परवडते, कारण २०० ला विकली जाणारी वस्तू दुकानाला कदाचित ८० ला पडलेली असते आणि ग्राहक ती २०० चीच धरतो. फक्त भेटवस्तूचा साठा संपला तर नियम काय करणार, हे आधी ठरवलेले असावे. बहुतेक तक्रारी तिथेच उगवतात.

मोठी ऑर्डर खरोखर कशाने परवडते? पॅकिंग आणि डिलिव्हरीचा खर्च मालाच्या किमतीवर फारसा अवलंबून नसतो, पार्सलवर असतो. दोन पार्सलांचा माल एकात गेला की एक पार्सल वाचले. म्हणून मोफत डिलिव्हरीची अट हा या सगळ्या नियमांतला सर्वांत सरळ व्यवहार आहे. मात्र दोनदा मागवणारा ग्राहक आता एकदाच मागवू लागला, तर सरासरी वाढूनही विक्री तेवढीच राहते. कमाई झाली ती एका पार्सलाच्या खर्चाएवढीच.

अट कोणत्या रकमेला ठेवावी, यावर ‘सरासरीच्या थोडे वर’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे. दोन-चार घाऊक गिऱ्हाईकांमुळे सरासरी वर खेचली गेली असेल, तर अट सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर जाते. त्यापेक्षा ऑर्डरींच्या रकमा मांडून गर्दी कुठे आहे ते पाहावे आणि त्या गर्दीला एखादी वस्तू वाढवून गाठता येईल एवढ्या अंतरावर टप्पा ठेवावा. दुकानात तेवढ्या किमतीच्या वस्तू हव्यात, हेही ओघाने आलेच. १५० कमी पडत असताना सर्वांत स्वस्त वस्तू ६०० ची असेल तर ग्राहक कार्ट तशीच सोडून जातो.

नियम लावल्यावर सरासरी वाढली म्हणजे ग्राहकांनी जास्त घेतले, असे होत नाही. समजा शंभर ऑर्डरींपैकी ४० ऑर्डरी ३०० च्या आणि ६० ऑर्डरी ९०० च्या आहेत. एकूण विक्री ६६,०००, सरासरी ६६०. मोफत डिलिव्हरीची अट वर नेल्यामुळे लहान ऑर्डरींपैकी २० जण निघून गेले. विक्री ६०,००० वर आली आणि सरासरी ७५० झाली. एकाही ग्राहकाने एक नग जास्त घेतलेला नाही. ही फसगत टाळायची तर दुकानात येणाऱ्यांचे यदृच्छेने दोन गट करून एकालाच नियम दाखवावा आणि दर भेटीमागचा ढोबळ नफा ताडून पाहावा. ऑर्डरींच्या रकमांचा आलेखही बोलका असतो : नियम खरोखर वागणूक बदलत असेल तर टप्प्याच्या अगदी खाली खळगा आणि अगदी वर उंचवटा दिसतो. आलेख पूर्वीसारखाच राहिला, तर दुकान नुसती सूट वाटते आहे. नियम बंद केल्यानंतरचे काही आठवडेही मोजणीत धरावे लागतात, कारण साठवून ठेवता येणारा माल लोक सूट असताना भरून ठेवतात आणि पुढची खरेदी आटते.

एकाहून अधिक नियम चालू असले की क्रमाचा प्रश्न येतो. १,००० मधून आधी वीस टक्के आणि मग १०० वजा केले तर ७०० उरतात. आधी १०० आणि मग वीस टक्के, तर ७२०. अटीची रक्कम सुटीच्या आधी मोजायची की नंतर, हा त्याहून नाजूक मुद्दा. १,२०० च्या कार्टवर वीस टक्के सूट लागून ती ९६० झाली आणि ‘१,००० च्या वर डिलिव्हरी मोफत’ ही ओळ डोळ्यांदेखत नाहीशी झाली, की ग्राहकाला ती लबाडी वाटते. शॉपिफायमध्ये वस्तूवरची सूट आधी वजा होते आणि ऑर्डरवरची सूट उरलेल्या बेरजेवर लागते. मॅजेन्टोमध्ये प्रत्येक नियमाला अग्रक्रमाचा आकडा देता येतो आणि ‘यानंतरचे नियम सोडून द्या’ अशी खूणही करता येते. दोन नियम एकत्र चालू द्यायचे नसतील, तर ग्राहकाच्या जास्त फायद्याचा लावणे हे भांडण टाळणारे धोरण.

परतावा हा या व्यवस्थेचा दुखरा भाग. ६०० आणि ४०० च्या दोन वस्तू घेऊन ग्राहकाने १०० ची सूट मिळवली. सॉफ्टवेअर ही सूट सहसा प्रमाणात वाटते : ६० आणि ४०. मग ४०० ची वस्तू परत आली की ३६० परत द्यायचे, आणि ६०० ची वस्तू ग्राहकाकडे ५४० ला राहते, अट मोडूनही. ती सूट परत घ्यायची ठरवली तर परतावा ३०० चाच होतो. तो हिशेबाने रास्त आहे, पण खरेदीच्या वेळी तसे स्पष्ट लिहिलेले नसेल तर ग्राहकाला समजावणे कठीण जाते. लहान परतावे सोडून देणे आणि पुन्हा पुन्हा असे करणाऱ्यांवरच लक्ष ठेवणे, हा अनेक दुकानांचा मधला मार्ग.

कायद्याने सुटीवर घातलेल्या मर्यादा देशागणिक वेगळ्या आहेत. जर्मनीत १९३३ च्या कायद्याने किरकोळ विक्रीतली रोख सूट तीन टक्क्यांवर रोखली होती. तो कायदा २००१ मध्ये रद्द झाला. युरोपीय संघात मे २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार किंमत उतरवल्याची जाहिरात करताना आधीच्या किमान ३० दिवसांतली सर्वांत कमी किंमत दाखवावी लागते. फ्रान्समध्ये पुस्तकांवर पाच टक्क्यांहून जास्त सूट देता येत नाही. २०१४ मध्ये तिथे घरपोच पाठवल्या जाणाऱ्या पुस्तकांची मोफत डिलिव्हरीही बंद केली, तेव्हा अमेझॉनने डिलिव्हरीचा आकार एक सेंट ठेवला. शेवटी ऑक्टोबर २०२३ पासून सरकारनेच टप्पा ठरवून दिला : ३५ युरोंच्या आतल्या नव्या पुस्तकांच्या ऑर्डरीवर किमान तीन युरो डिलिव्हरी, त्याच्या वर एक सेंटही चालतो.