जुनी गाडी घेतलीत? आधी तेलपाणी बघून घेऊ

सेकंडहँड गाडी घेताना रंग, टायर, सीट कव्हर सगळं निरखून बघितलं जातं. आतलं तेलपाणी शेवटचं कधी बदललं, हे मात्र विकणाऱ्यालाही बऱ्याचदा सांगता येत नाही. ‘आत्ताच सर्व्हिसिंग केलंय’ या तोंडी शब्दावर जाऊ नका. तारीख आणि किलोमीटर लिहिलेलं बिल असेल तर काम झालं म्हणायचं. बिल नसेल तर झालेलं नाही असंच धरायचं. मीटरवर आकडा कमी दिसला म्हणूनही निर्धास्त राहू नका. उभ्या गाडीतलं ब्रेक ऑइल आणि कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) हेही जुनं होतं.

गाडी घेऊन हात आधीच रिकामा झालेला असतो, हे आम्हा गॅरेजवाल्यांना कळतं. सगळं एकदम जमत नसेल तर आधी ब्रेक ऑइल, मग इंजिन ऑइल आणि फिल्टर, मग कूलंट. गिअर ऑइल गळत नसेल तर ते पुढच्या महिन्यात केलं तरी चालेल.

ब्रेक ऑइल पहिलं, कारण ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि बाहेरून काही कळत नाही. नवं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) ऑइल 230 अंशांच्या वर उकळतं. ओलावा मुरला की तेच 155 अंशांच्या आसपास उकळू शकतं. गावात फिरताना फरक जाणवणार नाही. पण आंबेनळी किंवा कुंभार्ली घाट भरल्या गाडीने उतरताना पाय सतत ब्रेकवर राहिला, की ऑइल तापून त्याची वाफ होते आणि पेडल फुसकन खाली जातं. म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदला. नुसतं वरून टाकून उपयोग नाही, चारही चाकांतून जुनं ऑइल आणि हवा काढावी लागते. घाट उतरताना गिअर खालचा ठेवा, हे तर आहेच.

इंजिन ऑइल तुम्ही स्वतः बघू शकता. सकाळी गाडी सपाट जागी, इंजिन गार. डिपस्टिक (ऑइल मोजायची पट्टी) काढा, पुसा, परत पूर्ण आत घालून बाहेर काढा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवं. काळं दिसलं तर घाबरू नका, डिझेल गाडीत ते लगेच काळं होतं. पण दूध घातलेल्या चहासारखं दिसलं तर इंजिन सुरू करू नका, आम्हाला फोन करा. ऑइलमध्ये पाणी मिसळत असण्याची शक्यता मोठी. ऑइलचा ग्रेड (डब्यावर लिहिलेला प्रकार) गाडीच्या पुस्तकात असेल तोच घ्यायचा. जास्त ऑइल भरणंही वाईटच, ते फेसाळतं.

कूलंटच्या टाकीत नळाचं किंवा बोअरचं पाणी भरलेल्या गाड्या आमच्याकडे फार येतात. अशा पाण्याने आत गंज चढतो, क्षार साचतात आणि उन्हाळ्यात गाडी तापते. पाणी तपकिरी दिसलं तर रेडिएटर धुऊन नवं कूलंट भरावं लागेल. नुसत्या रंगावरून कूलंट निवडू नका, कंपनीगणिक रंग वेगळा असतो. आणि गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका.

ऑटोमॅटिक गाडी असेल तर आधी सांगा. सीव्हीटी (ऑटोमॅटिकचा एक प्रकार) गिअरबॉक्सला सीव्हीटीचंच ऑइल लागतं, दुसरं चालत नाही.

टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा पट्टा, तेलपाण्यात येत नाही, तरी इथे लिहितोच. डस्टर, टेरानोच्या 1.5 लिटर डिझेल इंजिनाला बेल्ट आहे, स्विफ्टच्या 1.3 डिझेलला चेन. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदलून टाका. चालत्या गाडीत तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च बेल्टच्या कितीतरी पट होतो.

इंजिन फ्लश, म्हणजे औषध घालून इंजिन आतून धुणं, आम्ही आपणहून सुचवत नाही. बरीच चाललेल्या इंजिनातला गाळ सुटून ऑइलच्या वाटेत अडकू शकतो. त्यापेक्षा पहिलं ऑइल थोडं लवकर, साधारण 5,000 किलोमीटरवर बदला. पुढे 10,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते.

डब्याचं सील तुमच्यासमोर फोडतो, काढलेला फिल्टर दाखवतो. मारुतीच्या छोट्या पेट्रोल इंजिनाला ऑइल साधारण तीन लिटर लागतं, त्यामुळे डबा मोठा असेल तर त्यात उरतं. ते तुमचं आहे, घरी न्या. बिलावर तारीख, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड लिहून मिळेल.

येताना आरसीची प्रत आणि असेल ते सर्व्हिस बुक आणा. गाडी शक्यतो सकाळी सोडा, म्हणजे गार इंजिनावर सगळं तपासता येईल.