मान ताठ नसेल तर

मेंदूज्वरात मान ताठ होते, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ऐकून तरी माहीत असतं. पण मेनिंगोकोकस जंतूची लागण झालेल्या मुलाची मान सहज वळली, तर डॉक्टरांची काळजी उलट वाढते.

घशातून रक्तात शिरलेला हा जंतू मेंदूच्या आवरणापर्यंत पोचला, की तिथे सूज येते आणि मान आखडते. याला थोडा वेळ लागतो. काही मुलांत मात्र तो रक्तातच भराभर वाढतो. त्याच्या विषामुळे रक्तदाब कोसळतो, बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होतात आणि त्वचेखाली जांभळे डाग उमटतात. सगळा खेळ काही तासांचा. मान आखडायलाही सवड मिळत नाही.

१९६६ साली स्टीम आणि डॅमरॉश या अमेरिकी डॉक्टरांनी धोक्याच्या खुणांची यादी केली, तीही अशीच चक्रावणारी. पांढऱ्या पेशी कमी, ईएसआर (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) कमी! एरवी असा रिपोर्ट पाहून घरचे खूश होतील. इथे त्याचा अर्थ असा, की शरीराला अजून नीट प्रतिकार उभारताच आलेला नाही.

१९८७ मध्ये ग्लासगोच्या डॉक्टरांनी अशा खुणांना गुण दिले. रक्तदाब फार कमी असेल तर ३, शुद्ध हरपत चालली असेल तर ३, मान ताठ नसेल तर २, पसरणाऱ्या डागांना १. शरीराच्या आतल्या आणि त्वचेच्या तापमानात तीन अंशांहून जास्त फरक असेल, तर आणखी ३. म्हणजे अंग तापानं फणफणलेलं आणि पावलं बर्फासारखी गार. मला सर्वांत आवडतो तो पुढचा प्रश्न: गेल्या तासाभरात मूल जास्त बिघडलंय का? तो आईबापांना किंवा नर्सला विचारायचा. उत्तर ‘हो’ आलं, की २ गुण. रक्ततपासणी लागते ती फक्त एका गुणासाठी, रक्तातलं आम्ल मोजायला. सगळे मिळून १५ गुण; ८ किंवा त्याहून जास्त झाले की प्रकरण गंभीर.

८ गुण म्हणजे मृत्यूचा दाखला नव्हे. इतके गुण असलेली बरीच मुलं वाचतात. अतिदक्षता विभाग आताच गाठायचा की थांबायचं, एवढं त्यावरून ठरवता येतं.

डाग ओळखायला काचेचा पेला पुरतो: दाबल्यावर साधं पुरळ फिकं पडतं, हे डाग तसेच राहतात. सावळ्या अंगावर मात्र ते चटकन दिसत नाहीत. तिथे तळहात, तळपाय आणि पापणीची आतली बाजू उलटून पाहावी लागते.