काकूंची गाठ आणि ‘टेन्शन’

इंदूरला आमच्या रामबागेतल्या काकूंना स्तनाचा कर्करोग निघाला आणि भेटायला येणारा जो तो म्हणू लागला, “फार टेन्शन घेतलंत हो तुम्ही!” अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं त्या नऊ वर्षं एकटीनं करत आल्या. आता आजाराचं खापरही त्यांच्याच माथी.

हे चूक आहे, आणि क्रूरही. 2013 साली युरोपातल्या 1,16,000 स्त्री-पुरुषांची माहिती एकत्र तपासली गेली. कामाचा ताण आणि कर्करोग होणं यांचा संबंध दिसला नाही.

म्हणून ताण निरुपद्रवी ठरत नाही. 1995 मध्ये अमेरिकेत, स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची शुश्रूषा करणाऱ्या 13 बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम करून पाहिली. ती भरायला इतर बायकांपेक्षा सरासरी 9 दिवस जास्त लागले.

ताण आला की अंगात वाढणारं कॉर्टिसोल हे खरं तर दाह, म्हणजे शरीरातली सूज, शमवणारं संप्रेरक. पण ते महिनोन्‌महिने चढलेलंच राहिलं की पेशी त्याला दाद देईनाशा होतात आणि दाह धुमसत राहतो. मेंदूतल्या राखणदार पेशी, मायक्रोग्लिया, त्याही सतत जाग्या राहून दाहक रेणू सोडतात. झोप उडते, मन उतरतं, साधे शब्द आठवत नाहीत. गाठीमुळे रक्तात आलेले दाहक रेणू त्यात भर घालतात.

यातलं बरंचसं ज्ञान मात्र नर उंदरांवरून आलेलं. नेहमीच्या प्रयोगात दांडगा नर दुसऱ्याच्या अंगावर सोडतात. माद्या सहसा तशा भांडत नाहीत, म्हणून त्या वर्षानुवर्षं बाहेरच राहिल्या. त्यांच्यासाठी वेगळी रीत काढावी लागली: दर थोड्या दिवसांनी पिंजऱ्यातल्या सोबतिणी बदलायच्या. मारहाण नाही, उपासमार नाही, फक्त कुठे रुळू द्यायचं नाही. तेवढ्यानंही ताणाची संप्रेरकं वाढतात. सासरी आलेल्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही. आणि शिकागोत 2009 साली एकेकट्या ठेवलेल्या माद्यांमध्ये स्तनातल्या गाठींचा भार कळपातल्या माद्यांच्या 84 पट भरला. उंदरांचा आकडा माणसाला लावता येत नाही. पण आजारी बाईला एकटं पाडू नये, एवढं मला त्यातून कळतं.

काकू डॉक्टरांशी फक्त गाठीबद्दल बोलायच्या. गॅस बंद केला की नाही हे आठवत नाही, हे त्यांनी मला जिन्यात सांगितलं, तेही कीमो सुरू होण्याआधी. पुढच्या तपासणीला मी सोबत गेले. कागदावर आम्ही तीन ओळी लिहून नेल्या: झोप, विसरणं, आणि रात्री सासूबाईंसाठी कोण उठतं.