जपानी मोटारीचा रेडिओ आणि सरकवलेला पट्टा

जपानमध्ये काही वर्षे वापरून मग जहाजाने आलेल्या मोटारी न्यूझीलंडच्या रस्त्यांवर मोठ्या संख्येने दिसतात. दोन्ही देशांत वाहने डाव्या बाजूने चालतात आणि चालकाचे आसन उजवीकडे असते, त्यामुळे अशी गाडी फारसा बदल न करता वापरता येते. नोकरीसाठी ऑकलंडला गेलेल्या मराठी कुटुंबाची पहिली गाडीही पुष्कळदा अशीच असते. किल्ली फिरवली की डॅशबोर्डमधून एक बाई जपानी भाषेत टोलचे कार्ड घातले नसल्याची आठवण करून देते आणि रेडिओ लावायला जावे तर त्याचे आकडे ७६ पासून सुरू होऊन ९० वर संपतात. शहरातली बहुतेक एफएम केंद्रे ९० च्या पुढे असल्यामुळे ८८.६ आणि ८९.४ अशी मोजकीच केंद्रे सापडतात, बाकी सगळीकडे नुसती खरखर ऐकू येते.

हा रेडिओ बिघडलेला नसतो. जगातल्या बहुतेक देशांनी एफएमसाठी ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ हा पट्टा राखून ठेवला आहे. भारतातही तोच आहे आणि म्हणूनच पुण्याची विविध भारती १०१ वर लागते. जपानने मात्र ९० ते १०८ हा भाग दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीन वाहिन्यांना, प्रत्येकी सहा मेगाहर्ट्झ याप्रमाणे, दिलेला होता. त्यामुळे १९६९ साली एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेची नियमित एफएम सेवा सुरू झाली ती ७६ ते ९० या पट्ट्यात, आणि पुढे जपानी गाड्यांचे रेडिओ त्याच मापाने तयार होत राहिले.

यावरचा स्वस्त उपाय म्हणजे बँड एक्सपांडर. काडेपेटीपेक्षा थोडासा मोठा असा हा डबा असतो. त्याच्या एका अंगाला अँटेनाची वायर खोचण्याचे सॉकेट, दुसऱ्या अंगाला रेडिओत जाणारी वीतभर वायर, शिवाय बारा व्होल्टची लाल वायर आणि अर्थिंगची काळी वायर. डॅशबोर्डची चौकट काढून रेडिओ पुढे ओढायचा, मागची अँटेना सोडवायची आणि मध्ये हा डबा जोडायचा, एवढेच काम असते. जपानी गाडीतली अँटेनाची पिन इतर देशांतल्या पिनेपेक्षा बारीक असते, त्यामुळे डबा घेताना पिन जुळते की नाही हे आधीच पाहिलेले बरे.

डब्याच्या आत एक क्रिस्टल असतो आणि तो ठरावीक वारंवारतेने, समजा १४ मेगाहर्ट्झने, कंप पावत असतो. अँटेनाकडून आलेला ९८.२ चा संदेश आणि हा १४ चा कंप डब्यातल्या मिक्सर नावाच्या भागात एकत्र येतात व तेथून दोन नव्या लहरी बाहेर पडतात: एक वजाबाकीची, ८४.२ ची, आणि एक बेरजेची, ११२.२ ची. बेरजेची लहर रेडिओच्या आवाक्याबाहेर राहते आणि वजाबाकीची त्याच्या पट्ट्यात नेमकी बसते. दोन लहरी नुसत्या शेजारी आणल्याने मात्र हे घडत नाही. तंबोऱ्याच्या दोन तारा किंचित कमीजास्त लागल्या की आवाजाची जी चढउतार ऐकू येते ती निव्वळ बेरजेची असते, तिच्यातून तिसरी वारंवारता जन्माला येत नाही. मिक्सरमध्ये एक लहर दुसरीने गुणली जाते आणि त्या गुणाकारातूनच नवी वारंवारता निघते.

येथे कोणाला स्केल चेंजर पेटीची आठवण होईल, कारण तीही सगळे सूर एकदम सरकवते. पण त्या दोन सरकवण्यांत मूलभूत फरक आहे आणि डब्याचे सारे कौशल्य त्या फरकात आहे, असे मला वाटते. पेटीची पट्टी बदलताना प्रत्येक सुराची वारंवारता एकाच पटीने वाढते: षड्ज २४० आणि पंचम ३६० असेल, तर पट्टी सव्वा पटीने चढवल्यावर ते ३०० आणि ४५० होतात, म्हणजे त्यांच्यातले अंतर १२० वरून १५० वर जाते. एफएममध्ये तर आवाज साठवलेला असतो तोच मुळी वारंवारतेच्या हेलकाव्यात, ९८.२ चे केंद्र प्रत्यक्षात ९८.१२५ आणि ९८.२७५ यांच्या दरम्यान झुलत असते. डब्याने पटीत कमी केले असते तर हा झोकाही आखूड झाला असता. वजाबाकीत दोन्ही टोकांतून सारखेच १४ जातात, झोका जसाच्या तसा राहतो आणि त्यातले गाणे, बातम्या, स्टीरिओचा डावा-उजवा भेद यांपैकी कशालाही धक्का लागत नाही.

एक्सपांडर हे नाव मात्र दिशाभूल करणारे आहे. हा डबा पट्टा वाढवत नाही, सरकवतो. रेडिओची खिडकी १४ मेगाहर्ट्झ रुंदीची आहे आणि बाहेरचा पट्टा साडेवीसचा, तेव्हा काहीतरी बाहेर राहणारच. १२ चा डबा घेतला तर ८८ ते १०२ दिसते, १४ चा घेतला तर ९० ते १०४, १८ चा घेतला तर ९४ ते १०८. शिवाय मूळ ८८ ते ९० मधली केंद्रे डब्यातून थोडीफार सरळही झिरपतात, आणि खरी अडचण तेथे सुरू होते. ऑकलंडमध्ये आरएनझेड नॅशनल हे न्यूझीलंडचे सार्वजनिक रेडिओ केंद्र १०१.४ वर आहे; १२ चा डबा लावला की ते ८९.४ वर येते, आणि ८९.४ वर शहराचे दुसरे केंद्र आधीच बसलेले आहे. एफएमच्या रेडिओत अशा वेळी दोन्ही आवाज सहसा एकत्र ऐकू येत नाहीत; जो संदेश जोरकस असेल तो दुसऱ्याला दाबून टाकतो. त्यामुळे टेकडीच्या एका बाजूला बातम्या चालू असतात आणि वळण घेताच वाक्य अर्धवट तुटून भलताच कार्यक्रम सुरू होतो. तेथील केंद्रे साधारण ०.८ मेगाहर्ट्झच्या अंतराने लावलेली आहेत. १२ आणि १६ या दोन्ही संख्यांना ०.८ ने पूर्ण भाग जातो, १४ ला जात नाही, म्हणून १४ च्या डब्यात सरकवलेली केंद्रे मूळ केंद्रांच्या मधल्या रिकाम्या जागी पडतात आणि अशी टक्कर टळते. डब्याची किंमत पाहण्याआधी हा भागाकार करावा, असे मी आग्रहाने सांगेन.

क्रिस्टलच्या पटीतल्या लहरीही थोड्याफार गळतात. १४ ची सहावी पट ८४, म्हणून त्या आकड्यावर केंद्र शोधणारा रेडिओ कधी कधी एका चिडीचूप जागी येऊन थांबतो. मीडियम वेव्हच्या केंद्रांना सरकवण्याची गरजच नसते, कारण जपान आणि न्यूझीलंड दोघेही नऊ किलोहर्ट्झची पायरी वापरतात. पण काही डब्यांतून जाताना तो संदेश अशक्त होतो. मागच्या काचेवर अँटेना असलेल्या गाडीत तिच्या ॲम्प्लिफायरची वायर जोडायची राहून गेली, तर दोष डब्याला दिला जातो आणि रेडिओ दोनदा उघडावा लागतो.

जपानमध्ये ॲनालॉग दूरचित्रवाणी बंद झाल्यावर ९० ते ९५ हा भाग मोकळा झाला आणि २०१५ च्या डिसेंबरमध्ये टोकियोची तीन एएम केंद्रे त्यात एफएमवरही ऐकू येऊ लागली. त्यानंतरच्या पुष्कळ गाड्यांचा रेडिओ ९५ पर्यंत जातो. अशा गाडीत ऑकलंडची ९५ पर्यंतची केंद्रे डब्याशिवायच लागतात, मात्र डबा जोडला की सरळ येणारी आणि सरकून येणारी केंद्रे एकमेकांवर पडण्याची जागा दोन मेगाहर्ट्झवरून सातांवर जाते. नेहमीची केंद्रे ९५ च्या आत असतील, तर त्या गाडीत डबा न बसवणेच चांगले.