आटलेल्या समुद्रात तंबू

गाडी लावली तेव्हाच आम्ही कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच होतो. कळसूबाई १,६४६ मीटर. पाइन स्प्रिंग्सचा वाहनतळ १,७०० मीटरच्याही वर. आणि चढ अजून सुरूही झाला नव्हता. समोर टेक्सासचं सर्वोच्च शिखर, ग्वादलूप पीक, २,६६७ मीटर. जाऊन-येऊन साडेतेरा किलोमीटरची वाट आणि साधारण ९०० मीटरचा चढ. सह्याद्रीत पाय रापलेल्या माणसाला हे आकडे काही घाबरवत नाहीत. घाबरवतो तो पाण्याचा हिशोब. वाहनतळाशेजारच्या तळावर एक नळ आहे. त्याच्यापुढे पायवाटेवर कुठेही पिण्याचं पाणी नाही.

ग्वादलूप माउंटन्स नॅशनल पार्क टेक्सासच्या पश्चिम टोकाला, न्यू मेक्सिकोच्या सीमेला टेकून आहे. डॅलसहून निघालं की दिवस गाडीतच जातो. उद्यानात पेट्रोल नाही, दुकान नाही, हॉटेल नाही. डोंगरात मुक्कामासाठी दहा जागा नेमून दिलेल्या आहेत, पण त्यांतल्या एकाही ठिकाणी पाणी मिळत नाही. माणशी दिवसाला एक गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर पाणी पाठीवर न्या, असं उद्यानाचं सांगणं आहे. दोन दिवस डोंगरात राहायचं तर नुसतं पाणीच साडेसात किलो.

आपल्याकडच्या गडांची सवय इथे आडवी येते. राजगड असो, हरिश्चंद्रगड असो, वर टाकं असणार हे आपण गृहीत धरतो. सह्याद्रीचा घट्ट बसाल्ट खोदला की त्यात पावसाचं पाणी महिनोन्‌महिने टिकतं. ग्वादलूपचा डोंगर आहे चुनखडीचा. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्ल होतं, चुनखडीच्या भेगांतून शिरतं, भेगा विरघळवून रुंद करतं आणि खाली निघून जातं. अशा खडकात टाकं खोदणं म्हणजे चाळणीत ताक ओतणं. डोंगर पाणी पितो आणि पायथ्याशी मोजक्या झऱ्यांतून थोडंसं परत देतो. पाइन स्प्रिंग्स हे नावही तशाच झऱ्यावरून पडलेलं. १८५८ मध्ये सेंट लुईसहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी बटरफिल्ड कंपनीची टपालगाडी याच झऱ्यापाशी घोडे बदलायला थांबायची. त्या ठाण्याच्या पडक्या दगडी भिंती अजून उभ्या आहेत.

मजा अशी, की पाण्याला महाग झालेला हा डोंगर पाण्याखालीच घडला. सुमारे २६ ते २७ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळात, जगातली जवळजवळ सगळी जमीन पँजिया नावाच्या एका खंडात एकवटलेली होती आणि आजचं पश्चिम टेक्सास विषुववृत्ताजवळ होतं. तिथे महासागराचा एक फाटा आत घुसून उबदार समुद्र तयार झाला होता. त्याला आज डेलावेअर समुद्र म्हणतात. त्याच्या कडेनं घोड्याच्या नालेच्या आकाराची, साधारण ६४० किलोमीटर लांबीची प्रवाळभित्ती वाढली. ‘प्रवाळभित्ती’ हा शब्द सवयीनं वापरला, तो इथे चुकीचाच आहे. प्रवाळांचा वाटा फार थोडा होता. भिंत रचली ती स्पंज, शैवाल आणि ब्रायोझोआ नावाच्या वसाहती करून राहणाऱ्या बारीक जिवांनी, आणि समुद्राच्या पाण्यातून थेट साक्याप्रमाणे बसलेल्या चुन्यानं त्या सगळ्यांना सांधलं.

पुढे या समुद्राचं महासागराशी असलेलं दार बंद होत गेलं. पाणी आटलं, आधी जिप्सम आणि मग मीठ यांचे थर साचत गेले, आणि भिंत त्यांच्याखाली गाडली गेली. कोट्यवधी वर्षं ती तशीच पुरलेली राहिली. नंतर भूकवच ताणलं गेलं, भेगा पडल्या, एक बाजू खचली आणि दुसरी वर आली. वरचे मऊ थर पाऊस-वाऱ्यानं झिजून गेले, टणक भिंत तेवढी उरली. म्हणजे पाइन स्प्रिंग्सला तंबू ठोकणारा माणूस जुन्या समुद्राच्या पोटात झोपतो आणि सकाळी उठून त्याच्या काठावर चढतो. ही भिंत इतकी चांगली जपली गेली आहे, की पर्मियन काळाच्या मधल्या पर्वाला जगभरचे भूशास्त्रज्ञ ‘ग्वादलूपियन’ म्हणतात आणि त्यातल्या तिन्ही टप्प्यांची सुरुवात दाखवणारे प्रमाण-खडक याच उद्यानात आहेत.

याचा पुरावा बघायला दुर्बीण लागत नाही. उद्यानातल्या मॅककिट्रिक कॅन्यन या दरीत पर्मियन रीफ ट्रेल नावाची वाट सहाशे मीटर चढते. तिच्यावर दम खायला बसलात तर हाताखालच्या दगडात गव्हाच्या दाण्यांसारखे ठिपके दिसू शकतात. ते फ्युजुलिनिड, एकपेशीय जिवांची कवचं. एका पेशीचा जीव आणि गव्हाएवढं घर! पर्मियनच्या शेवटी, २५ कोटी वर्षांपूर्वीच्या महासंहारापर्यंत, हा सगळा गट नामशेष झाला. दगड खिशात घालायचा मोह आवरावा लागतो, उद्यानातून काहीही उचलायला बंदी आहे.

त्या समुद्रातल्या मेलेल्या जिवांचा गाळ खोल दबून त्याचं तेल झालं. पर्मियन बेसिन हा आज अमेरिकेतला सर्वाधिक कच्चं तेल देणारा प्रदेश आहे. डॅलसहून येताना मिडलंड-ओडेसाच्या आसपास रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माना डोलावणारे पंप दिसतात, ते त्याच समुद्राचं दूध काढत असतात. मॅककिट्रिक कॅन्यनची बरीचशी जमीन राष्ट्राला देणारा वॉलेस प्रॅट हा माणूसही तेल कंपनीचाच भूशास्त्रज्ञ. तेलाच्या शोधात आला, दरीच्या प्रेमात पडला, तिथे दगडी घर बांधलं आणि शेवटी जमीन दान करून मोकळा झाला. १९७२ मध्ये उद्यान रीतसर अस्तित्वात आलं. तेलाबरोबरच्या हायड्रोजन सल्फाइड वायूनं आणखी एक उद्योग केला. तो वर झिरपला, भूजलातल्या ऑक्सिजनशी भेटला, सल्फ्युरिक आम्ल तयार झालं आणि त्यानं चुनखडी आतून खाल्ली. शेजारच्या कार्ल्सबाड कॅव्हर्न्सची अवाढव्य दालनं अशी कोरली गेली आहेत. बहुतेक चुनखडीच्या गुहा वरून झिरपणारं पावसाचं पाणी करतं, इथे काम खालून झालं.

आता चढायला लागू. पहिल्या तासात एक विचित्र गोष्ट लक्षात येते: घामच येत नाहीये. मुंबईत पायऱ्या चढलो तरी सदरा पाठीला चिकटतो, इथे ऊन डोक्यावर असून कपडे कोरडे. घाम येतोच, पण कोरड्या हवेत तो कातडीवर दिसायच्या आत उडून जातो. एक लिटर घाम उडताना शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, म्हणून बरंही वाटतं. हीच फसगत. चढावर तासाला अर्धा ते एक लिटर पाणी गेलेलं असतं आणि अंगावर त्याची खूण नसते. खूण राहते ती टोपीच्या कडेला पांढऱ्या रेघेची. ते मीठ.

म्हणून नुसतं पाणी ढोसणं हाही उपाय नाही. मीठ घामावाटे जात राहिलं आणि वरून निव्वळ पाणी ओतत राहिलो, तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो. लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच, त्यामुळे सोबतचे अजून पाणी पाजतात. आमच्या पिशवीत खारे दाणे होते आणि एका बाटलीत मीठ-साखर घातलेलं कोकम. वाटेत भेटलेल्या एका अमेरिकन जोडप्यानं त्या लालभडक पाण्याकडे संशयानं पाहिलं, पण चव घेतल्यावर अर्धा पेला मागून घेतला.

उंचीबरोबर हवा गार होत जाते. दुपारच्या घुसळलेल्या कोरड्या हवेत हा उतार किलोमीटरमागे दहा अंशांच्या जवळ असतो, आपल्या दमट हवेत तो कमी असतो. म्हणजे तळापेक्षा शिखरावर आठ-नऊ अंशांनी थंड. ही उतरंड झाडांत वाचता येते. खाली निवडुंग, काटेरी सोटोल आणि अगावे. अगावे म्हणजे आपलं घायपात, त्याच कुळातलं. बांधावर लावलेलं घायपात आपल्याला इतकं गावचं वाटतं, पण त्याचं माहेर हा अमेरिकेचा कोरडा पट्टा. फड्या निवडुंगाचंही तेच. घायपात दिवसा पानांची छिद्रं मिटून बसतं आणि रात्री गारव्यात उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतं, तो आम्लाच्या रूपात साठवतं आणि दुसऱ्या दिवशी उन्हात त्याचं अन्न करतं. दिवसाचा श्वास रात्री घेऊन ठेवायचा, पाणी वाचतं. मेस्कालेरो अपाची हे इथले मूळ रहिवासी याच झाडाचे गड्डे खड्ड्यात भाजून खात. त्यांचं नावच त्यावरून पडलं, आणि जळक्या दगडांची ती वर्तुळं उद्यानात आजही सापडतात.

आणखी वर गेलं की पाइन सुरू होतात. शिखराच्या ईशान्येला ‘द बोल’ नावाची वाडग्यासारखी जागा आहे, तिथे पाँडेरोसा पाइन आणि डग्लस फर यांचं खरंखुरं जंगल आहे. चहूबाजूंनी वाळवंट आणि मध्ये हे हिरवं बेट. हिमयुगात हवा थंड आणि ओलसर होती तेव्हा अशी झाडं बरीच खालपर्यंत होती. हवा तापत गेली तशी ती वर सरकली आणि माथ्यावर अडकली. हे कशावरून कळलं? उंदरांवरून. पॅकरॅट नावाचा उंदीर दिसेल ती काडी, पान, बी गुहेतल्या बिळात ओढून नेतो. त्याच्या मुताचे खडे होऊन हा सगळा संसार डिंकात घोळल्यासारखा घट्ट होतो आणि कोरड्या गुहेत हजारो वर्षं टिकतो. ग्वादलूपच्या गुहांतल्या अशा ढिगाऱ्यांत स्प्रूसच्या सुया मिळाल्या आहेत. स्प्रूस आज या डोंगरात औषधालाही नाही. उंदराच्या उकिरड्यातून हिमयुगाचं हवामान वाचायचं, हे विज्ञानातलं मला सगळ्यात आवडणारं काम आहे.

संध्याकाळी तंबू लावताना पाण्याचा अभाव नव्या रूपात भेटतो. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णता अवरक्त किरणांतून आकाशाकडे सोडते. हवेत बाष्प असलं की ते ही उष्णता अडवून काही भाग परत पाठवतं, म्हणून कोकणातली मे महिन्याची रात्र दिवसासारखीच उकाड्याची. इथे वर पांघरूणच नाही. सूर्य मावळल्यावर तासाभरात आम्ही स्वेटर शोधत होतो. थंड हवा जड, ती उतारावरून पाण्यासारखी वाहते आणि खोलगट जागेत साचते. त्यामुळे ओढ्याच्या पात्रातली सपाट, मऊ जागा तंबूला कितीही छान दिसली तरी रात्री तीच सगळ्यात गार असते. शिवाय दूर कुठे पाऊस पडला तर कोरड्या पात्रातून लोंढा येतो. दोन्ही कारणांनी थोडी उंचावरची जागा बरी.

वाऱ्याबद्दल मात्र ऐकलं होतं त्यापेक्षा जास्त निघालं. हिवाळ्यात आणि वसंतात पश्चिमेकडचा वारा सपाट खोऱ्यावरून येतो, या भिंतीवर आपटतो, खिंडीत चेपला जातो आणि पलीकडच्या उतारावरून कोसळतो. ताशी शंभर किलोमीटरच्या वरचे झोत इथे नवे नाहीत. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: वेग दुप्पट, दाब चौपट. शंभर किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब या उंचीवरच्या विरळ हवेतही चौरस मीटरला जवळजवळ चाळीस किलो वजनाइतका पडतो. दोन चौरस मीटरची तंबूची भिंत म्हणजे एक धट्टाकट्टा माणूस रात्रभर तिच्यावर रेलून उभा. आमची एक काठी दोन वाजता वाकली. मग तंबू पाडून त्याचं पांघरूण केलं आणि पडल्या पडल्या आकाशगंगा पाहिली. बाष्प नाही, दिवे नाहीत. इतके तारे, की ओळखीची नक्षत्रंच सापडेनात.

शेकोटी करता येत नाही, लाकूड-कोळशाला सक्त मनाई आहे. वाळलेल्या डोंगरात वारा असा असताना ते योग्यच. छोट्या गॅसवर काम भागवायचं. तूरडाळ नेऊ नका. डोंगरातल्या वरच्या मुक्कामावर पाणी ९२ अंशांच्या आसपासच उकळतं. डाळ बोटचेपी व्हायच्या आत गॅस आणि पाणी दोन्ही संपेल. पोहे भिजवले की झालं.

जुलै ते सप्टेंबर इथेही मान्सून असतो, अगदी याच नावाचा, पण दुपारच्या गडगडाटी वादळांपुरता. तेव्हा जाणाऱ्यानं पहाटे निघून दुपारच्या आत माथा सोडावा, कारण कडेलोटाच्या टोकावर विजेला उंच असं दुसरं काही सापडत नाही. सापडतो तो एक पोलादी पिरॅमिड. १९५८ मध्ये, त्या टपालगाडीला शंभर वर्षं झाली म्हणून, अमेरिकन एअरलाइन्सनं शिखरावर तीन बाजूंचा चकचकीत पिरॅमिड बसवला. घोडागाडीच्या स्मरणार्थ विमान कंपनीचं स्मारक, तेही चालतच पोचता येईल अशा जागी. दगडी देवळी किंवा भगवा नसलेलं शिखर मला जरा ओकंबोकंच वाटलं, हे कबूल करतो.

माथ्यावरून पश्चिमेला खाली पांढरा पट्टा दिसतो. ती खचलेली बाजू. डोंगरांतलं जिप्सम आणि मीठ विरघळवून आणणारं पाणी तिथे साचून आटतं. वारा ते कण उडवून पांढऱ्या टेकड्या रचतो. एल पासोजवळच्या सॅन एलिझारिओचे लोक बैलगाड्या घेऊन इथे मीठ भरायला येत. मीठ सगळ्यांचं, अशी त्यांची रीत. कुणीतरी त्यावर मालकी सांगितली आणि १८७७ मध्ये त्या भांडणात माणसं मेली.

उतरायला आम्हाला चढण्याइतकाच वेळ लागला, गुडघ्यांमुळे. तळावर आल्यावर नळाचं पाणी घटाघटा प्यायलो आणि चहा टाकला. पाणी चवीला जड होतं. दोन दिवसांत भांड्याच्या आतल्या बाजूला पांढरी कड धरली होती. नखानं खरवडून पाहिली: चुना.