नवा कॅमेरा, काळपट फोटो: बिघाड समजण्याआधी हे वाचा

कॅमेरा नेल्यावर आठवड्याभरात बरेच ग्राहक परत येतात. "यात काहीतरी बिघाड आहे, फोटो काळपट येतात." तपासलं तर कॅमेरा बहुतेक वेळा ठणठणीत असतो. म्हणून बिलासोबत हा कागद.

आधी घरीच एक प्रयोग करा. दिवसा गॅलरीत, थेट ऊन नसेल तिथे, पांढरा टॉवेल आणि काळी छत्री शेजारी-शेजारी टांगा. वरची मोड निवडायची डायल 'पी'वर (शटर आणि अ‍ॅपर्चर कॅमेराच ठरवतो), फ्लॅश बंद. फक्त टॉवेलच दिसेल इतकं जवळ जाऊन एक फोटो, मग तसाच छत्रीचा. (फोकस लागत नसेल तर टॉवेलच्या शिवणीवर धरा.) आता दोन्ही पाहा. टॉवेल मळकट राखाडी आणि छत्री पाच पावसाळे खाऊन विटलेली!

कॅमेऱ्यातल्या मीटरला टॉवेल-छत्री कळत नाही, फक्त किती उजेड येतोय ते कळतं. समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असणार, असं धरून तो हिशेब करतो. त्यामुळे सिंहगडावरचं धुकं फोटोत धुरासारखं दिसतं आणि काळ्या पैठणीचा काळा रंग फिका पडतो. उपाय अधिक-उणे चिन्हाच्या बटणात आहे. पांढरं जास्त असेल तर अधिक १, काळं जास्त असेल तर उणे १, आणि तोच टॉवेल पुन्हा टिपा. पूर्ण ऑटोमध्ये हे बटण बहुधा चालत नाही. काम झाल्यावर शून्यावर आणायला विसरू नका; आम्हीही विसरतो.

उजेड कमी-जास्त करायच्या जागा तीन. अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं भोक. इथे आकडा उलटा चालतो, एफ ४ मोठं आणि एफ १६ बारीक. भोक मोठं केलं की मागचं दृश्य धूसर होतं. आयएसओ म्हणजे आलेला उजेड कॅमेरा किती वाढवून दाखवतो त्याचा आकडा. तो वाढवला की फोटो उजळतो, पण दाणे दिसू लागतात. तरीही आमचं मत विचाराल तर दाणेदार फोटो चालेल, हललेला नको.

तिसरी जागा शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा पडदा किती वेळ उघडा राहतो ते; १/६० म्हणजे सेकंदाचा साठावा भाग. यावर मात्र नीट लक्ष द्या, कारण नवखे लोक अडतात ते इथेच. मिरवणुकीत ढोलावर पडणारी टिपरी १/६० ला पुसट रेघ होते. ती जागच्या जागी थिजवायची तर १/५०० पासून सुरुवात करा. १/१२५ वरून १/५०० वर गेलात की उजेड चौथाई उरतो, म्हणजे दोन स्टॉप गेले (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट). ते आयएसओ ४०० चा १६०० करून भरून काढता येतात. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या १८-५५ मिमीच्या किट लेन्सवर झूम पूर्ण पुढे घेतलं की अ‍ॅपर्चर बहुधा एफ ५.६ पेक्षा मोठं होत नाही, तेव्हा संध्याकाळी झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. आणि लेन्सवरचं स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर सावरतं, ढोलवाल्याचा हात नाही.

तरी फोटो बिघडला तर खोडू नका. कार्ड तसंच दुकानात आणा. शटर, अ‍ॅपर्चर, आयएसओ हे तिन्ही आकडे फोटोच्या फाइलमध्येच नोंदलेले असतात, ते पाहिले की काय चुकलं ते पाच मिनिटांत सांगता येतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलात तर ही नोंद गळून जाते.