सर्व्हिसनंतर हात थांबवतं कोण?

टेनिसच्या सामन्यात सर्व्हिस स्लो मोशनमध्ये दाखवतात, तेव्हा आपली नजर चेंडूमागे धावते. पुढच्या वेळी चेंडू सोडून द्या आणि हाताकडे बघा. चेंडू तारांवर जेमतेम पाच मिलिसेकंद टेकतो आणि निघून जातो. हात मात्र अजून सुसाट सुटलेलाच असतो. अव्वल खेळाडूंच्या खांद्यात दंडाचं हाड आतल्या बाजूला फिरतं, तो वेग सेकंदाला २,००० अंशांच्या पुढे मोजला गेला आहे. हाच वेग सेकंदभर टिकला असता, तर त्या हाडाने स्वतःभोवती साडेपाच गिरक्या घेतल्या असत्या. प्रत्यक्षात हा सगळा वेग डोळ्याची पापणी लवते न लवते तोवर जिरवावा लागतो.

तो जिरवण्याची मुख्य जबाबदारी खांद्याच्या मागच्या बाजूच्या छोट्या स्नायूंवर असते. खांद्याच्या सांध्याला चार स्नायूंचं एक आवरण असतं, त्याला रोटेटर कफ म्हणतात. त्यातले मागचे दोन हाताला बाहेरच्या बाजूला फिरवतात आणि सर्व्हिसनंतर ब्रेकचं काम करतात. हाताला वेग देणारे स्नायू कोण, तर छातीचा रुंद स्नायू आणि पाठीचा तो मोठा पंख्यासारखा स्नायू. म्हणजे इंजिन ट्रकचं आणि ब्रेक स्कूटरचे! खेळाडू जितका खेळतो, तितकं इंजिन आपोआप दणकट होत जातं. ब्रेक त्या मानाने मागे राहतात. बाहेर फिरवणाऱ्या स्नायूंची ताकद आत फिरवणाऱ्यांच्या निदान दोन तृतीयांश तरी असावी, असा प्रशिक्षक आणि फिजिओथेरपिस्ट मंडळींचा ढोबळ हिशेब आहे.

टेनिससाठी ताकद कमवायची म्हटलं की बहुतेकांना जोरात मारणं आठवतं. मला विचाराल तर टेनिसपटूने जिममध्ये जायचं ते मुख्यतः थांबायला शिकण्यासाठी. वेग खेळता खेळता येतो, थांबण्याची ताकद मुद्दाम कमवावी लागते.

थांबवताना स्नायू वेगळ्याच तऱ्हेने काम करतो. एरवी तो आखडत आखडत जोर लावतो, ब्रेक लावताना मात्र ताणला जात असतानाच जोर लावतो. जिना चढताना आपल्याला धाप लागते, पण खूप जिने उतरलो की दुसऱ्या दिवशी मांड्या ठणकतात, त्याचं कारण हेच. उतरताना मांडीचे स्नायू लांब होत होत शरीराचं वजन पेलत असतात. अशा कामात स्नायू जास्त भार झेलू शकतो, पण सवय नसेल तर त्याच्या तंतूंना बारीक इजाही जास्त होते. गंमत अशी, की तोच व्यायाम काही दिवसांनी पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं. शरीर धडा घेतं आणि पुढच्या वेळेसाठी तयारी करून ठेवतं. ब्रेकची ताकद वाढवायची युक्ती या सवयीतच आहे.

खांद्यासाठीचा एक व्यायाम नीट सांगते, कारण तो जवळजवळ सगळे अर्धाच करतात. रबरी पट्टा कोपराच्या उंचीवर कशाला तरी बांधा आणि त्याचं मोकळं टोक हातात धरा. कोपर काटकोनात वाकवून अंगाला लावा, कोपर आणि बरगड्यांच्या मध्ये टॉवेलची छोटी गुंडाळी धरा. आता पंजा पोटापासून बाहेरच्या बाजूला न्या. इथवर सगळे करतात आणि मग पट्ट्याला हात सोडून देतात. पट्टा हात सटकन आत ओढून घेतो आणि खरा व्यायाम तिथेच हुकतो. परत येताना सावकाश, मनात तीन आकडे मोजत, पट्ट्याला विरोध करत यायचं. टॉवेल पडला, तर कोपर अंगापासून सुटलं असं समजा. पट्टा हलकाच घ्यायचा, पंधरा-पंधरा वेळा, दोन-तीन सेट. आणि हे खेळून झाल्यावर करायचं, आधी नाही. ब्रेक थकवून मग सर्व्हिस करायला जाणं म्हणजे खांद्यावर अन्याय आहे.

पण खांदा एकटा काही करत नाही. सर्व्हिसची निम्मी ऊर्जा पाय आणि धडातून येते. गुडघे वाकतात, पाय जमिनीला रेटतात, तो जोर नितंबांतून कमरेत, कमरेतून छातीत आणि शेवटी हातात उतरतो. या साखळीचं एक गणित आहे: कंबर आणि धडाकडून येणारी ऊर्जा २० टक्क्यांनी घटली, तर हातात तेवढाच जोर आणण्यासाठी खांद्याला ३४ टक्के जास्त वेगाने फिरावं लागतं. गुडघे न वाकवता सर्व्हिस करणाऱ्याचा खांदा दुखतो, यात मग नवल नाही. पोटाचे स्नायूही याच साखळीतले. २०२२ मध्ये विम्बल्डनची उपांत्य फेरी राफाएल नदालला सोडावी लागली, ती पोटाचा स्नायू फाटल्यामुळे.

आता कोर्टवरचं दुसरं थांबणं बघा. चेंडू फोरहँडच्या बाजूला लांब पडतो. खेळाडू धावतो, शेवटचं पाऊल रुंद टाकतो, बाहेरचा गुडघा वाकतो आणि धावण्याचा सगळा जोर त्या एका पायावर येतो. तिथे पाय घट्ट रोवला गेला, तर फटका तोल सांभाळून बसतो आणि त्याच पायाने जमिनीला रेटून माघारी फिरता येतं. नाही रोवला, तर खेळाडू आणखी दोन पावलं बाहेर वाहवत जातो आणि मागे अर्धं कोर्ट मोकळं पडतं. प्रेक्षकांना वाटतं हा धावायला कमी पडला. खरं तर तो थांबायला कमी पडलेला असतो.

यासाठी बाजूला टाकायचे लंज (लांब पाऊल टाकून गुडघ्यात वाकणं), एका पायावरचे स्क्वॉट (बैठका) आणि माझ्या सर्वांत आवडीचा व्यायाम म्हणजे आडवी उडी. एका पायावरून बाजूला उडी मारायची, दुसऱ्या पायावर उतरायचं आणि तिथेच दोन सेकंद पुतळा व्हायचं. उतरताना गुडघा आतल्या बाजूला कलला, तर उडी लांब झाली असं समजून अंतर कमी करा. उडीची लांबी मोजायची नाही, स्थिरता मोजायची.

वजनं उचलल्याने खेळाडू बोजड होतो, ही भीती या खेळात फार वर्षं होती. मार्गारेट कोर्टने १९६०च्या दशकातच वजनांचा सराव केला होता. मार्टिना नवरातिलोवाने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तंदुरुस्तीवर झपाटून मेहनत घेतली आणि १९८३ साली ८६ सामने जिंकून फक्त एक गमावला. बोजड होण्याची भीती शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही फारशी खरी नाही. पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, ती बहुतांशी मेंदू आणि मज्जातंतू स्नायूतले जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शिकतात म्हणून. स्नायू जाड व्हायला त्यानंतर बराच वेळ लागतो.

दमसासाचं म्हणाल, तर बहुतेक गुण दहा सेकंदांच्या आत संपतात आणि मोठ्या स्पर्धांत दोन गुणांच्या मध्ये २५ सेकंद मिळतात. २०१० मध्ये विम्बल्डनला जॉन इस्नर आणि निकोला माहू ११ तास ५ मिनिटं खेळले, पण त्यातही चेंडू खेळात नव्हता असाच वेळ जास्त होता. छोट्या झटक्यांसाठी स्नायू आपल्याजवळच्या क्रिएटिन फॉस्फेटच्या साठ्यावर चालतात. हा साठा काही सेकंदांत उतरतो आणि विश्रांतीत पुन्हा भरतो, मात्र भरायला प्राणवायू लागतो. म्हणून दहा सेकंद जीव तोडून धावणं आणि वीस-पंचवीस सेकंद थांबणं, अशी आवर्तनं टेनिसला लांब पल्ल्याच्या जॉगिंगपेक्षा जवळची. जॉगिंग टाकाऊ नाही, पण सरावाचा मुख्य वेळ त्यात घालवू नये.

शेवटी मुलांबद्दल, कारण त्यांची काळजी जास्त वाटते. लहानपणापासून टेनिस खेळणाऱ्यांच्या खेळत्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा चांगलंच जाड होतं. १९७७ च्या एका अभ्यासात व्यावसायिक पुरुष खेळाडूंच्या दंडाच्या हाडाचं कवच जवळपास ३५ टक्के जाड आढळलं. वाढत्या वयात ते हाड किंचित पिळलंही जातं, त्यामुळे खेळता हात मागे जास्त जातो आणि आत थोडा कमी फिरतो. तेवढा फरक स्वाभाविक आहे. पण मागचे स्नायू आणि सांध्याचं आवरण आखडत गेलं, की आत फिरणं आणखी कमी होतं. हे घरी तपासता येतं. मुलाला पाठीवर झोपवा, दंड खांद्याच्या रेषेत बाजूला, कोपर काटकोनात, बोटं छताकडे. कोणीतरी खांदा वरून हलकेच दाबून धरा. आता पंजा पायांच्या दिशेने जमिनीकडे किती जातो ते बघा, मग डोक्याच्या दिशेने किती जातो ते. दुसऱ्या हाताचंही तसंच बघा. दोन्ही दिशांची बेरीज दोन्ही हातांत सारखी असेल तर ठीक. खेळत्या हाताची बेरीज दर महिन्याला घटत चालली असेल, तर दुखायची वाट न बघता सर्व्हिसची संख्या कमी करा आणि फिजिओथेरपिस्टला खांदा दाखवा.